डाव्या बैलाची तक्रार

आमच्या फाट्यावर गतिरोधक आहे, म्हणून मला बैलांचे खांदे जवळून दिसतात. ऊस भरून कारखान्याकडे निघालेली प्रत्येक टायरगाडी माझ्या मेडिकलसमोर थबकते. गाडीवान खाली उडी मारतो, चाकाला हात घालतो, हाकारे देतो आणि बैल माना खाली घालून गाडी उंचवट्यावरून पलीकडे काढतात. नोव्हेंबर ते मार्च हे रोजचंच. आमच्या कृष्णाकाठी त्याकडे कुणी वळून बघत नाही.

गेल्या हंगामात, जानेवारी सरता सरता, एक जोडी नजरेत राहायला लागली. उजवा बैल उंच, पांढरा खिलार. डावा त्याच्याहून बुटका, तांबूस, गावठी. डाव्याच्या मानेवर जू टेकतं तिथं मुठीएवढी सूज होती आणि सुजेचा माथा फुटून ओला झालेला. गाडीवानानं जुवाखाली बारदानाची घडी घातली होती. तीही भिजून लाल झालेली. गतिरोधक आला की डावा बैल मान वाकडी करून जू उजव्याच्या अंगावर ढकलायला बघायचा आणि मग काठी त्याच्या मागच्या अंगाला लागायची. त्या काठीच्या टोकाला आर, म्हणजे टोकदार खिळा होता.

एके संध्याकाळी तोच गाडीवान दुकानात आला.

“दादा, दुखायचं विंजेक्शन द्या एखादं. डायक्लो का काय म्हणत्यात ते.”

“कुणाला पाहिजे?”

“बैलाला.”

मी दिलं नाही. डायक्लोफिनॅक जनावरांना टोचायला २००६ पासून बंदी आहे. टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्याकडची गिधाडं जवळपास संपली ती मुख्यतः त्यामुळेच. माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्याही २०१५ मध्ये बंद केल्या त्या याच कारणानं, बाटली माणसाच्या नावावर जायची आणि औषध गोठ्यात. मी हे सगळं त्याला सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो, कारण तो काउंटरवरचं बीटाडीन उचलून किंमत बघत होता.

बैलाला सोडत का नाहीस, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. तो बीडकडचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. मुकादमाकडून, म्हणजे तोडणीला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणून आगाऊ पैसे घेऊन दिवाळीच्या आधी निघालेले. आधीचा डावा बैल अड्ड्यावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तळावर, आल्यावर घसरून पायात अधू झाला, तो विकला, आणि मुकादमानं पैसे देऊन हा घेऊन दिला, तेही पैसे उचलीत चढवून. हा बैल नांगराचा होता, डांबरी रस्त्यावर भरलेल्या गाडीला कधी जुंपलेला नव्हता. आणि उंचीत जोड लागत नव्हती. “बैल हुबा ऱ्हायला की आमी बी हुबं. खाडा लागतुया.” खाडा म्हणजे कामाला न गेलेल्या दिवसाचा दंड. मजुरी बुडते ती वेगळी.

बीटाडीन मी त्याला दिलं. पण जू रोज त्याच जागेवर बसणार असेल तर बीटाडीन म्हणजे रस्त्यावर पाणी शिंपडण्यासारखं होतं.

दुकानात बसणाऱ्या मंडळींना हे सांगितलं तेव्हा एकानं लगेच मोबाइल काढला. “व्हिडिओ काढ, टाक ग्रुपवर. दोन तासांत पोलीस येतील.” त्याचं चुकीचं नव्हतं, असं झालेलं मी पाहिलं आहे. पण व्हिडिओत कोण दिसणार? आर लावलेली काठी धरलेला तो माणूस आणि उसाच्या मोळीवर बसलेली त्याची बायको. मुकादम दिसणार नाही, गाडी भाड्यानं देणारा कारखाना दिसणार नाही. मी फोटो काढले, पण बैलाचे: खांदा, बारदान, जू, आणि कानातला पिवळा बिल्ला. या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि तक्रारीत त्याच्याइतकी पक्की ओळख दुसरी नसते. ‘तांबडा बैल’ लिहिलं तर चौकशीला आलेल्या माणसाला अड्ड्यावर वीस तांबडे बैल दिसतील.

रात्री दुकान बंद करून कायदा वाचला. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्याचं कलम ११ हे मुळात क्रूरतेच्या प्रकारांची यादी आहे. मारणं, जास्त ओझं लादणं, आखूड साखळीनं बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, टाकून देणं. आमच्या बैलाला लागू होणारं पोटकलम नेमकं होतं: वय, आजार, जखम किंवा व्रण यामुळे कामाला अयोग्य असलेल्या जनावराला कामाला लावणं, किंवा मालक असून तसं लावू देणं. शिवाय ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे वेगळे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन अजिबात नको. टोकदार खिळा लावलेली काठी वापरायलाच मनाई. बैलाच्या वजनाप्रमाणे आणि चाकाच्या प्रकाराप्रमाणे गाडीत किती ओझं चालेल याचा तक्ताही त्यात आहे, आणि संशय आला तर पोलिसांनी गाडी वजनकाट्यावर न्यायला लावावी अशी तरतूदसुद्धा. आमच्या रस्त्यावरची प्रत्येक गाडी रोज वजनकाट्यावरच जाते! वजनाची छापील पावती निघते, तिच्यावर गाडीचा नंबर असतो, वेळ असते. इतका तयार पुरावा दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात मिळत असेल?

मग शिक्षेपाशी आलो. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दंड वाढवणारा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. कायदा मात्र आहे तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन ठाण्यात गेलो. अर्ज दोन प्रतींत नेला, एक त्यांना आणि एकीवर पोच. यावरून थोडा वेळ गेला, कारण ठाणे अंमलदारांचं म्हणणं, “एवढ्यासाठी अर्ज कशाला, मी बीटच्या हवालदाराला सांगतो.” मी शिक्का मागितला. त्यांनी दिला. माणूस शेतकरी घरातला होता, फोटो बघून “खांदा आलाय की हो त्याचा” म्हणाला, म्हणजे दुखणं त्याला ओळखू येत होतं. मग कपाटातून पुस्तक काढून त्यानं मला वाचून दाखवलं. या कलमातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. त्यांनी नोंद करायची, तक्रारदाराला कोर्टाचा रस्ता दाखवायचा, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करायचा नाही. फिर्याद घटनेपासून तीन महिन्यांच्या आत व्हायला हवी. मारून टाकलं, विष घातलं, अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, तिथं पोलीस थेट हात घालू शकतात. “पण हा तर चालतोय रोज,” तो म्हणाला. “अपंग कसा म्हणू?”

मी म्हटलं, कॉन्स्टेबलच्या वरच्या अधिकाऱ्याला जनावर तपासणीसाठी ताब्यात घेता येतं, तेही कायद्यात आहे.

“घेतो की. ठेवू कुठं? हितं मागं जप्तीच्या मोटरसायकली हायत, त्यात बांधू?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पांजरपोळात पाठवला तर नेण्याचा, चाऱ्याचा, औषधाचा खर्च मालकावर बसतो. नाही भरला तर शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली. त्या गाडीवानावर बसवायचाय का तुम्हाला?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि हा प्रश्न त्यानं टाळाटाळ म्हणून विचारला असं मला आजही वाटत नाही. अर्जात ‘विरुद्ध’ या शब्दापुढची जागा मी घरूनच मोकळी ठेवली होती. त्यानं पेन पुढे केलं. मी तिथं लिहिलं: गाडी क्रमांक अमुक, सदर गाडीचा वापर करणारे, पुरवणारे व करवून घेणारे. तो हसला. “हे कोर्टात टिकत नाही, भाऊ.” पण शिक्का मारला.

इथं एक सांगून ठेवतो. डोळ्यांसमोर मारहाण चालू असेल, जनावर कोंबून गाडी चालली असेल, तर ११२ वर फोन करावा, त्याला वेळ घालवू नये. पण दुर्लक्ष, दुखणं, उपासमार असं हळूहळू चालणारं असेल तर पोलिसांच्या आधी डॉक्टर गाठावा. आम्हा लोकांना तक्रार म्हटलं की ठाणंच आठवतं. जनावर कामाला अयोग्य आहे हे म्हणायचा अधिकार ठाण्याला नाही आणि मला तर नाहीच. तो पशुवैद्यकाला आहे. त्याचा कागद नसेल तर पुढचा प्रत्येक माणूस “बैलाला थोडं लागलंच असतं” असं म्हणून मोकळा होतो.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आधी बिचकले. तक्रारीवर तपासणी हवी तर पोलिसांचं पत्र लागेल, पोलीस म्हणणार आधी तपासणीचा अहवाल आणा. हा चरखा ओळखीचा आहे. मी विचारलं, तक्रार बाजूला ठेवा, आजारी जनावर आहे म्हणून बोलावलं तर याल का? “मग काय प्रश्न, येतो.” शासनाची फिरती पशुवैद्यकीय गाडी १९६२ या नंबरवर बोलावता येते, तीही चालली असती, पण त्या आठवड्यात डॉक्टरांची त्याच बाजूला लसीकरणाची फेरी होती.

गाडीवानाला आदल्या दिवशी सांगितलं. लपवून डॉक्टर नेणं मला पटत नव्हतं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, “सुई टोचतील, का बैल नेतील?” मी म्हटलं, नेणार नाहीत. हे वचन देण्याचा मला काही अधिकार नव्हता, पण दिलं.

अड्डा कारखान्याच्या मागच्या माळावर. पाचटाच्या, प्लास्टिक ताणलेल्या कोप्या, पुढ्यात दावणी, बैलांपुढे वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे ढीग. दुपारची वेळ, गाड्या तासाभरानं जुंपायच्या होत्या. डॉक्टरांनी आधी दोन्ही बैलांना शेजारी उभं करून नुसतं लांबून पाहिलं. मग जू मागवलं, उलटं करून त्यावरून तळवा फिरवला. माझा समज होता की दुखणं खांद्यात आहे. डॉक्टर मला जू दाखवत होते. जिथं बैलाची मान बसते तिथली लाकडाची कड झिजून धार आली होती. उंच बैलाच्या बाजूनं जू वर उचललं जातं आणि बुटक्याच्या मानेवर तिरकं रुततं. त्यात गाडी पुढे जड भरलेली. मागं जास्त भरली तर उलाळ होते, म्हणजे गाडी मागं कलते, म्हणून गाडीवान मोळ्या पुढे रचतात आणि तो सगळा भार मानेवर येतो. “खांदेसूज म्हणजे बैलाचा आजार नव्हे, सुताराचा आणि भरणाऱ्याचा आहे,” असं डॉक्टर म्हणाले. तांबड्याचा ताप पाहिला, सूज दाबली, पू काढला, धुतलं, मेलॉक्सिकॅम आणि अँटिबायोटिक दिलं. मागच्या खुराची पत्री, म्हणजे नाल, निघालेली होती, तीही दाखवली. आरेच्या खुणा मोजल्या आणि लिहिल्या. गाडीवान बैलाचं तोंड धरून उभा होता आणि सगळा वेळ त्याच्या कपाळावरून हात फिरवत होता. क्रूर माणूस कसा दिसतो याची ज्यांना खात्री असते त्यांनी असं काही बघावं.

प्रमाणपत्रात बिल्ल्याचा क्रमांक, निदान, आणि शेवटची ओळ: जखम पूर्ण भरेपर्यंत ओढकामास अयोग्य.

कागद हातात आला तशी गाडीवानाची बायको पुढे झाली. इतका वेळ ती चुलीपाशी होती. तिनं विचारलं, “ह्यो कागद मुकादमाला दावला तर खाडा माफ व्हतो का?” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अर्जात बैल होता, गाडी होती, नियम होते, तापमान होतं. खाडा नव्हता.

म्हणून कारखान्याच्या शेती विभागाला दिलेला अर्ज वेगळा लिहिला. प्रमाणपत्र जोडलं, ठाण्याची पोच जोडली, आणि मागण्या लिहिल्या: हा बैल बरा होईपर्यंत जुंपू नये, या कोयत्याला तोवर ट्रॅक्टरच्या टोळीत तोडणीला घ्यावं, बैलाच्या आजारपणाचे दिवस खाड्यात धरू नयेत. शेती अधिकाऱ्यांचं पहिलं वाक्य अपेक्षित होतं. “बैल त्यांचे. आमचा काय संबंध?”

गाडी कारखान्याची, नंबर कारखान्याचा, भाडं बिलातून कापलं जातं, वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, आणि यार्डात रांग सरकत असल्यामुळे बैल तासन्‌तास जुंपलेले राहतात तेही कारखान्याच्या आवारात. हे मी आवाज न चढवता म्हणालो. माझे वडील कारखान्याचे सभासद आहेत, हेही म्हणालो. सहकारात हे वाक्य कायद्याच्या कुठल्याही कलमापेक्षा लवकर पोचतं. साहेबांनी चहा मागवला. बैलांविषयी ते तसे कोरडे नव्हते. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये बैलांच्या मानेवरचा भार कमी करायला गाडीला पुढं फिरत्या चाकाचा आधार बनवला, ‘सारथी’ नावाचा, त्याचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता आणि तो त्यांनी मला कौतुकानं दाखवला. आपल्या किती गाड्यांना बसवलाय, असं विचारल्यावर त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

ट्रॅक्टरच्या टोळीची मागणी मान्य झाली. जू बदलून दिलं. खाड्याचं त्यांनी मुकादमावर ढकललं. मुकादम दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला, कफ सिरप घेतलं, पैसे दिले, आणि जाता जाता म्हणाला, “मेडिकलवाले, तुमच्या दयेचा खर्च आमच्या वहीत पडतो.” धमकी म्हणावी तर तसं काही नव्हतं. आधीचे काही दिवस खाड्यात धरले गेलेच, नंतरचे धरले नाहीत, असं गाडीवानानं मला सांगितलं. वही मी पाहिलेली नाही.

गावात व्हायची ती चर्चा झाली. कारखाना बदनाम करतो, निवडणूक लढवायचीय काय, स्वतःच्या दारातलं कुत्रं साखळीला आणि निघाला बैलाला सोडवायला. (आमच्या दारात कुत्रं नाही.) एक जण मात्र संध्याकाळी हळूच येऊन स्वतःच्या बैलाचा फोटो दाखवून “हे पण तेच आहे का?” विचारून गेला, आणि त्यानंतर आणखी लोक आले. त्यांना मी डॉक्टरांचा नंबर देतो.

ठाण्याकडून समज आली: अदखलपात्र नोंद झाली आहे, आपण न्यायालयात दाद मागावी. माझ्या ओळखीच्या वकिलांनी खासगी फिर्याद लिहून द्यायची तयारी दाखवली. आरोपीच्या रकान्यात काय लिहायचं असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, बैलाचा मालक, दुसरं कोण. कायद्यात त्या जनावराला कामाला लावणारा आणि त्याचा मालक हेच दोघं आहेत, आणि इथं दोन्ही एकच माणूस. गाडीचा मालक, उसाचा मालक, उचलीचा मालक यांच्यासाठी त्या पोटकलमात जागा नाही. तीन महिन्यांची मुदत मी जाऊ दिली. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका मित्राला हे अजिबात पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, पन्नास रुपयांचा का होईना, निकाल लागला असता तर नोंद झाली असती आणि पुढच्या वेळी कारखान्याला दाखवता आली असती. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी मी पुन्हा तेच करीन.

२००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. माहिती अधिकारात मी दोनच गोष्टी विचारल्या: तिच्या बैठका कधी झाल्या आणि हंगामात साखर कारखान्यांच्या यार्डांत तपासणी कधी झाली. पहिल्या प्रश्नाला तारखा आल्या. दुसऱ्यासमोर ‘निरंक’.

तांबडा मार्चपर्यंत अड्ड्यावर वाढे खात बसून होता. जखम भरली, सुजेची गाठ मात्र कडक होऊन राहिली. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, टोळी गावी गेली. गाडीवानानं जाताना त्याला बाजारात घातला, कुणाला ते मी विचारलं नाही.

यंदा वार्षिक सभेत वडिलांच्या नावे लेखी प्रश्न दिला होता की हंगाम सुरू होताना सगळ्या बैलांच्या खांद्यांची आणि जुवांची तपासणी व्हावी, आणि डॉक्टरांच्या दाखल्यावरचे दिवस खाड्यात धरू नयेत असं मुकादमांच्या करारात घालावं. पहिलं मान्य झालं. डॉक्टर दोन सकाळी यार्डात बसले आणि काही जुवं तासून घेतली. दुसऱ्यावर ‘संचालक मंडळ विचार करील’ असं उत्तर आलं. डिसेंबरात एका पांढऱ्या बैलाचा खांदा पुन्हा दिसला. त्याच्या अर्जाची पहिली प्रत दवाखान्यात दिली, दुसरी शेती विभागात, आणि खाड्याची मागणी यावेळी पहिल्याच ओळीत लिहिली. ठाण्याची प्रत अजून माझ्या गल्ल्यात आहे. शेती विभागाचं उत्तर सोमवारपर्यंत आलं नाही तर ती नेऊन देणार आहे.